निळ्यावर चढलेला लाल

कथिल म्हटले की आपल्याला पितळेच्या पातेल्याची कल्हई आठवते. तेच कथिल भाजून त्याचे भस्म शिशाच्या झिलईत मिसळले, की पारदर्शक झिलई दुधासारखी पांढरी होते आणि खालची पिवळट माती झाकून जाते. चिनी भांड्यांची बरोबरी करण्यासाठी इराकमधल्या कुंभारांनी नवव्या शतकात ही युक्ती वापरली. पुढे ती स्पेन-इटलीमार्गे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी पोचली. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या फरशा ज्यांनी पाहिल्या, त्यांनी याच कुळातले एक भावंड पाहिले आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिकडून येणारा माल आटला आणि डेल्फ्टच्या कुंभारांचे फावले. कच्च्या झिलईची भुकटी ओला रंग टिपकागदासारखी शोषते; मारलेला फटकारा पुसता येत नाही. त्यामुळे त्या निळ्या रेघांत एक निर्धार दिसतो. कोबाल्टचा तो निळा सुमारे हजार अंशांच्या आचेत झिलईशी एकजीव होतो.

लोकांची आवड मात्र पालटली. रंगीत मालाला भाव जास्त मिळू लागला, तेव्हा तयार निळ्या भांड्यांवर लाल, हिरवे आणि सोनेरी काम चढवून ती सात-आठशे अंशांच्या मंद भट्टीत पुन्हा भाजली गेली. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये चिनी भांड्यांवर हे सर्रास झाले. पुढे डेल्फ्टच्या भांड्यांचीही तीच गत झाली. इंग्रजीत अशा भांड्यांना ‘क्लॉबर्ड’ म्हणतात. जोड्यांच्या भेगा बुजवण्याच्या काळ्या लेपाला ‘क्लॉबर’ म्हणत, त्याच्याशी या नावाचे नाते सांगतात. नाव कुचकट आहे, पण चपखल!

ओळखायचे कसे? प्रत्येक रंगीत डेल्फ्ट संशयास्पद नसते. मंद आचेचे मीनाकाम तिथे अठराव्या शतकाच्या आरंभी मुळातच होत असे. तेव्हा आधी निळे चित्र पाहावे. मूळच्या रंगीत कामात चितारी लालासाठी जागा राखून ठेवतो. नंतरच्या कामात निळे फूल आपल्यापुरते पुरे असते आणि लाल त्याच्या पाकळ्या तुडवत जातो. मग कडा पाहाव्यात. टवका उडालेल्या जागेत रंग उतरला असेल, तर टवका आधीचा आणि रंग नंतरचा. जुन्या भांड्याच्या भेगांत मुरलेला मळ दुसऱ्या भाजणीत जळून काळे ठिपकेही उमटतात.

याला लबाडी म्हणावे का? मला सरसकट तसे वाटत नाही. अठराव्या शतकातल्या रंगाऱ्याने गिऱ्हाइकाची हौस पुरवली. ते कामही आता अडीचशे वर्षांचे झाले. लबाडी होते ती विकणारा ‘सगळे एकाच हातचे’ म्हणतो तेव्हा. अशा वस्तूचा भाव सहसा उतरतो, म्हणून काही मालक रंग खरवडायला निघतात. कृपा करून तसे करू नका. भाजलेले मीने झिलईला घट्ट चिकटलेले असते. ते काढताना खालचा निळाही ओरखडतो. नुसता वरून लावलेला, न भाजलेला रंग असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही जाणकाराचे काम.

आपल्या कपाटात असे ताट असेल तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: निळे काम मूळचे, लाल, हिरवे, सोनेरी नंतरचे. मुलांनी ते उद्या विकायला काढले, तर ती चिठ्ठी ताटाबरोबर जाऊ द्या.