गोलापुढचा पहारेकरी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-युवक मेळाव्यात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून धर्मगुरूने हॉकीविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. तथापि हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या दाराशी चालून आला आहे. आपल्या मुलांपैकी काही हॉकीच्या मैदानावर चांगली चमकू लागली आहेत, आणि त्यांचे आईबाप एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात : "फादर, पोरगा बॅकला खेळतो. सर म्हणतात, त्याला क्रीडा-वसतिगृहात पाठवा. पाठवावे की नाही? पुढे पोटापाण्याचे काय?" ज्या भिवंडीत बाप यंत्रमागावर अथवा गोदामात दिवसभर राबतो, त्या भिवंडीत हा प्रश्न चैनीचा नव्हे. एका घराच्या पुढील दहा वर्षांचा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष, जितके आम्हांस समजते तितके, देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यास पळता येत नाही त्यास बॅकला उभा करावा, अशी आपल्या शाळांतून रीत पडली आहे. गोल करणाऱ्याचे नाव फळ्यावर लागते. गोल वाचविणाऱ्याची आठवण, तो चुकला म्हणजेच होते. परंतु आपल्या देशाच्या हॉकीचा इतिहास पाहाल, तर या जागेवर केवढी माणसे उभी राहिली हे ध्यानी येईल. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे भारताचा पहिला ऑलिंपिक संघ उतरला, तेव्हा त्याचा कर्णधार जयपाल सिंग हा फुलबॅकच होता. छोटानागपुरातील मुंडा कुळातला हा ख्रिस्ती तरुण ऑक्सफर्डला शिकत होता. पुढे तो घटनासमितीत आदिवासी जनांचा कैवारी म्हणून गाजला. रणधीर सिंग जेंटल याने १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन सुवर्णपदके बॅकच्या जागेवरून मिळविली. मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानावर झालेला एकमेव गोलही त्याचाच. ओरिसाच्या सुंदरगड जिल्ह्यातील दिलीप तिर्की हा आपल्याच कॅथलिक समाजातला. तो तीन ऑलिंपिक आणि ४१२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, आणि २०२२ साली हॉकी इंडियाचा अध्यक्ष झाला. इतकेच नव्हे, तर ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हॉकी इंडिया लीगची सर्वांत मोठी बोली, ७८ लाख रुपये, लागली ती हरमनप्रीत सिंग या बचावपटूवरच. तेव्हा बॅकची जागा ही उरल्यासुरल्याची जागा आहे, हे मनातून काढून टाका.

आता हा बॅक घडतो कसा ते पाहू. त्याच्या विद्येचे पहिले पाठ पायांचे आहेत, स्टिकचे मागाहून. समोरून फॉरवर्ड चेंडू घेऊन येत असता कच्चा मुलगा त्याच्या अंगावर धावून जातो. फॉरवर्ड त्यास हुलकावणी देतो, आणि मागे गोलरक्षक एकटा उरतो. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणतात ते असे. पक्का बॅक धावून जात नाही. तो गुडघ्यांत वाकून, टाचा उचलून, स्टिक जमिनीलगत ठेवून, एकेक पाऊल मागे सरत राहतो आणि प्रतिपक्षास हळूहळू एका बाजूस ढकलीत नेतो. कोणत्या बाजूस? बहुधा आपल्या उजव्या हातास. हॉकीची स्टिक सर्वांची उजव्या हाताची असते, आणि सपाट अंग एकाच बाजूस असते. म्हणून आपल्या उजवीकडे आपली स्टिक सरळ चालते, तर समोरच्यास तिथे ती उलटी धरावी लागते. या एका गोष्टीत बचावाचे अर्धे शास्त्र आले. उरलेले अर्धे हे की, मदतीस सोबती येईपर्यंत वेळ काढावा, आणि चेंडू त्याच्या स्टिकपासून वीतभर सुटला की त्याच क्षणी घाव घालावा.

दुसरा पाठ डोळ्यांचा व जिभेचा. बॅकला सगळे मैदान समोर दिसते. फॉरवर्डला आपल्या पाठीमागचे दिसत नाही. म्हणून ज्यास दिसते त्याने बोलले पाहिजे : "डावीकडे बघ", "माणूस सोडू नको", "मागे ये". लाजरा बॅक कितीही बळकट असला तरी अर्धाच. तिसरा पाठ चेंडू मिळाल्यानंतरचा. चेंडू हिसकावून मैदानाबाहेर भिरकावणारा बॅक पूर्वी चालत असे. आता चालत नाही. आजच्या खेळात चढाईचा आरंभच बॅकच्या पहिल्या पासापासून होतो. आपल्या भिवंडीच्या लोकांस हे मागावरच्या उदाहरणाने चटकन समजेल. धोटा इकडून तिकडे धावतो, त्याकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु ताणा सैल असेल तर कापड धड विणले जात नाही. बॅक हा संघाचा ताणा आहे.

हा फरक पडण्यास मैदानही कारण झाले. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली, आणि १९२८ पासून दर ऑलिंपिकला पदक आणणारा भारत सातव्या स्थानी घसरला. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, आणि बॅकला विचार करण्यास उसंत मिळते. टर्फवर तो सरळ व सुसाट येतो. मातीवर दहा वर्षे खेळलेला मुलगा टर्फवर प्रथम उतरला की पाऊलभर उशिरा पोहोचतो. आणि गोलासमोरच्या 'डी'मध्ये उशीर झाला म्हणजे चेंडू पायास लागून पेनल्टी कॉर्नर होतो. म्हणून बारा-तेरा वर्षांनंतर मुलास आठवड्यातून दोन वेळा तरी टर्फ मिळाले पाहिजे. मुंबईत चर्चगेटला हॉकीचे मैदान आहे. तिथवर जायचे तर भिवंडीहून ठाणे अथवा कल्याण गाठून पुढे लोकल, असा दिवस मोडतो. यास्तव वसतिगृहाचा विचार टाळता येत नाही. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत साताऱ्याकडील फलटण तालुक्यातून आलेल्या अक्षता ढेकळे व वैष्णवी फाळके या दोन शेतकरी घरच्या मुली तयार झाल्या, आणि २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत कनिष्ठ महिलांच्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या भारतीय संघातून खेळल्या. खेड्यातल्या मुलींस जे साधले ते आपल्या मुलामुलींस साधणार नाही, असे आम्ही मानीत नाही.

तथापि पालकांनो, येथे घाई नको. फॉरवर्ड कोवळ्या वयातही चमकून जातो, कारण दहा वेळा चुकून एकदा गोल केला तरी त्याचे कौतुक होते. बॅक दहांतून एकदा चुकला तरी सामना जातो. म्हणून तो अनुभवानेच पिकतो, आणि अनुभव विकत मिळत नाही. आणखी एक. हरमनप्रीतची बोली ऐकून मुले ड्रॅग-फ्लिकच्या मागे लागतात. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढीत नेऊन गोलात भिरकावण्याची ही कला मोठी मोलाची खरी. पण तिचा सारा पीळ कमरेवर पडतो. वाढत्या हाडांच्या मुलाकडून रोज शेकडो फ्लिक काढून घेणारा शिक्षक त्याचे कल्याण करीत नाही. तसेच कॉर्नर अडविण्यास प्रथम धावणाऱ्या मुलाच्या तोंडावर मुखवटा, गुडघ्यांवर पट्टे व हातांत मोजे असलेच पाहिजेत. मोठ्या खेळाडूचा फ्लिक ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. हे साहित्य नसेल तर मुलास त्या जागी उभे करू नका, मग सामना हातचा गेला तरी बेहत्तर.

आता स्वभावाविषयी. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ब्रिटनविरुद्धच्या सामन्यात अमित रोहिदास या आपल्या भरवशाच्या बॅकची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडास लागली व त्यास लाल कार्ड मिळाले. त्यात हेतू होता की नव्हता, यावर पुष्कळ वाद झाला. भारत सुमारे चाळीस मिनिटे दहा खेळाडूंनिशी खेळला, बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. इथपर्यंत ती पराक्रमाची कथा आहे. परंतु बंदीमुळे रोहिदास उपांत्य सामन्यास मुकला, आणि जर्मनीने तो सामना ३-२ असा जिंकला. पुढे कांस्यपदक आले, ही गोष्ट वेगळी. आम्ही त्या खेळाडूस दोष देत नाही. यातून मुलांनी एवढेच घ्यावे की, बॅकच्या हातातील स्टिक क्षणभर आवरेनाशी झाली तर तिचा दंड त्याच्या दहा सोबत्यांस भरावा लागतो. हिरव्या कार्डाची दोन मिनिटे, पिवळ्याची पाच वा अधिक, आणि लाल कार्डाचा उरलेला सारा सामना, हा हिशेब प्रत्येक मुलास पाठ असावा. राग गिळण्याचे शिक्षण मैदानावर सुरू होत नाही. ते घरी, ताटावर बसल्यापासून सुरू होते.

आता पोटापाण्याचा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही आमच्याकडे आलात. व्यावसायिक लीगचा पैसा खरा आहे, परंतु त्याचा भरवसा धरू नये. प्रीमियर हॉकी लीग २००५ साली निघाली व २००८ साली संपली. २०१२ ची वर्ल्ड सिरीज हॉकी एकच हंगाम चालली. हॉकी इंडिया लीग २०१३ पासून २०१७ पर्यंत चालून थांबली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. २०१७ साली जो मुलगा अठरा वर्षांचा होता, तो ती पुन्हा सुरू होईतो पंचविशीचा झाला. पुन्हा सुरू झालेल्या पहिल्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते; त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. हॉकीपटूंच्या घरची चूल आजवर पेटती ठेवली ती बहुतांशी रेल्वे, पोलीस, सैन्यदले, तेल कंपन्या यांतील नोकऱ्यांनी. आणि त्या नोकऱ्यांसही शाळेचा दाखला लागतो.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. पाठवा, पण तीन अटींवर. पहिली, वसतिगृहाबरोबर शाळा चालू राहिलीच पाहिजे, आणि दहावी-बारावी सुटता कामा नये. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचा विद्यार्थी विरेन रस्किना हाफबॅक म्हणून २००४ साली अथेन्स ऑलिंपिक खेळला, भारताचा कर्णधार झाला, आणि २००८ साली खेळ सोडून हैदराबादेस व्यवस्थापन शिकावयास गेला. आज तो इतर खेळाडूंच्या तयारीची संस्था चालवितो. विद्या पाठीशी होती म्हणून दुसरे दार उघडले. दुसरी अट, अठरा वर्षांपर्यंत मुलाच्या कमाईकडे डोळे लावू नका. "कधी मिळणार पैसे?" हा प्रश्न दर सुट्टीत ऐकणारा मुलगा मैदानावरही उतावळा होतो, आणि उतावळ्या बॅकचे काय होते ते आताच सांगितले. तिसरी अट, त्याची निवड झाली नाही तर तो घरी मान खाली घालून येऊ नये. दरवाजा उघडा ठेवा. संघांत जागा थोड्या असतात, आणि मागे राहिलेला मुलगा आळशीच असतो असे नाही.

धर्मग्रामाचेही यात काही कर्तव्य आहे. महोत्सवाचा मंडप उद्या उतरेल, रोषणाई निघेल. त्या खर्चातून थोडे वाचवून चार मुखवटे, गुडघ्यांचे पट्टे, गोलरक्षकाचे साहित्य आणि टर्फपर्यंत जाण्यायेण्याचे भाडे इतकी तजवीज आपण करू शकलो, तर महोत्सवाची ती खूण पुष्कळ दिवस टिकेल. सभामंडपाबाहेर जी पेटी ठेविली आहे ती त्याचसाठी. ज्यास पैसा देणे शक्य नाही त्याने रविवारचा अर्धा दिवस द्यावा. मुलांस मुंबईस नेऊन परत आणणारे वडीलधारे माणूसही तितकेच हवे आहे.

आणि मुलांनो, शेवटचे चार शब्द तुम्हांस. तुमच्यापैकी किती जण लीगमध्ये खेळतील, हे आम्हांस ठाऊक नाही. एखादाही खेळला नाही तरी आमचे आजचे बोलणे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मागे कोणीतरी आहे, त्यास राखावयाचे आहे, ही जाणीव बॅकला प्रत्येक क्षणी असते. पुढे तुम्ही कुटुंबाचे कर्ते व्हाल, तेव्हा हीच जाणीव तुम्हांस उपयोगी पडेल. आजपासून सराव चुकवू नका, शाळा चुकवू नका, आणि स्टिक गुडघ्याखाली ठेवा.

परमेश्वर तुमच्या श्रमांस यश देवो, आणि तुमच्या आईबापांस धीर देवो.