पहारेकऱ्याची विद्या

पश्चिम रेल्वेने सुरतेहून मुंबईकडे निघाले, की उधना आणि भेस्तान मागे पडल्यावर सचिन स्टेशन लागते. एके काळी हे एका लहानशा संस्थानाचे नाव होते. आज ते घेताच आठवते ती औद्योगिक वसाहत, तेथील माग आणि कापड रंगविण्या-छापण्याचे कारखाने. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेस आलेली कितीतरी मराठी कुटुंबे ह्या परिसरात स्थिरावली आहेत. अशाच एका घरातील प्रश्न आज मी आपणापुढे मांडणार आहे. कारण तो एका घरापुरता राहिलेला नाही.

वडील एका कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासतात. मुलगा बी.सी.ए. झालेला. सायबर सुरक्षेच्या, म्हणजे संगणक आणि त्यांतील माहिती यांच्या राखणीच्या, व्यवसायात शिरावे अशी त्याची इच्छा. एका शिकवणी वर्गाच्या चालकांनी त्यास सांगितले, की तीन प्रमाणपत्रे एकदम पदरात पाडून घ्या, नोकरी घर शोधीत येईल. शुल्क मात्र असे, की आईच्या पाटल्या गहाण पडाव्यात. एका संध्याकाळी बापलेक माझ्याकडे आले. "मास्तर, मला यातलं काही कळत नाही," वडील म्हणाले, "पाटल्या ठेवू का नको, एवढंच सांगा."

मी त्यांनाच उलट विचारले, "कापडातला दोष तुम्हाला दिसतो कसा?" ते म्हणाले, "चांगलं कापड रोज डोळ्यांखालून जातं. म्हणून वाईट लगेच खटकतं."

श्रोतेहो, सायबर सुरक्षेचे मर्म ह्या उत्तरात आहे. नित्याचे काय, हे ज्यास ठाऊक नाही, त्यास विपरीत काय ते कळणार नाही. 2018 सालच्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला, तो आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. 11 आणि 13 ऑगस्ट ह्या दोन दिवसांत मिळून सुमारे 94 कोटी रुपये गेले. देशोदेशींच्या एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांवर रकमा निघत होत्या. कार्ड यंत्रात घातले, की "पैसे द्यावेत काय?" असा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जावयाचा असतो. तपासात असे आढळले, की हा प्रश्न मध्येच अडवून चोरांनी उभी केलेली तोतया व्यवस्था परस्पर होकार देत होती. तिजोरी फुटली नाही, कुलूप तुटले नाही; होकार देणाराच बदलला होता. असे काही घडत असता ते ओळखावयाचे, तर प्रश्न कोणत्या वाटेने जातो आणि उत्तर कोणत्या वाटेने येते, हे आधी माहीत असावे लागते. प्रमाणपत्रांची चळत ह्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून पहिली पायरी पायाभूत अभ्यासाची. दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतात, पत्ता कसा शोधतात, निरोपाचे तुकडे कसे पाठवतात, हे नेटवर्कचे शास्त्र प्रथम शिकावे. वायरशार्क नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्याच संगणकावरून जा-ये करणारे संदेश तिच्यात पाहता येतात. त्यानंतर लिनक्सचा हात बसवावा आणि पायथनसारख्या एखाद्या भाषेत लहानसहान कामे स्वतः लिहून पाहावीत. नित्य दोन तास दिले, तर सहा-आठ महिन्यांत ही तयारी होण्याजोगी आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या अध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. शुल्क पडते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणाऱ्यास.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. शिकण्याच्या उत्साहात तरुण मुले दुसऱ्याच्या संगणकावर प्रयोग करून पाहतात. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणाऱ्यास भरपाई द्यावी लागते; आणि हेतू लबाडीचा ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सरावासाठी मुद्दाम उभारलेली स्थळे आहेत. 'ओव्हर द वायर' हे त्यांपैकी एक, आणि तेही विनामूल्य. कुलपे उघडावयास शिकावे ती सरावासाठी टांगलेली. शेजाऱ्याच्या दाराची नव्हेत.

आता प्रमाणपत्रांविषयी. ती सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. अनोळखी उमेदवाराचे काम पाहण्यास मालकास सवड नसते. अशा वेळी प्रमाणपत्र हे ओळखपत्रासारखे उपयोगी पडते. परंतु कोणते केव्हा घ्यावे, ह्याचा विवेक हवा. ज्यास अनुभव नाही, त्याच्यासाठी आयएससी-टू ह्या संस्थेचे 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' आणि कॉम्पटियाचे 'सिक्युरिटी प्लस' ही दोन प्रवेशद्वारे आहेत. दुसऱ्या परीक्षेत नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न असतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. ह्यांपैकी एक पुरे. दोन्ही घेतल्याने विद्या दुप्पट होत नाही.

ह्याउलट 'सीआयएसएसपी' हे नाव जाहिरातींत ठळक अक्षरांनी छापलेले दिसते. पण त्यासाठी ठरलेल्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोहोंत मिळून पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. पदवीबद्दल फार तर एका वर्षाची सूट मिळते. अनुभवावाचून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास 'असोसिएट' म्हणवून घेऊन थांबावे लागते. हिशेब-तपासणीच्या अंगाने जाणाऱ्यांचे 'सीआयएसए' हेही मूलतः पाच वर्षांचा अनुभव मागते. हल्लेखोराच्या भूमिकेतून प्रणालीची परीक्षा घेणाऱ्यांसाठी 'ओएससीपी' आहे. तीत पर्यायांवर खुणा करावयाच्या नसतात; 23 तास 45 मिनिटे प्रत्यक्ष यंत्रांशी झुंज, आणि मग अहवाल लिहिण्यास आणखी 24 तास. तिचा खर्च लाखाच्या पुढे जातो. ही शिखरे आहेत. पायथ्याशी उभे राहून त्यांची तिकिटे काढण्यात शहाणपण नाही.

ज्यांस वर्गात बसून रीतसर शिकावयाचे आहे, त्यांस आपल्या देशात वाटा आहेत. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेचा सुमारे सहा महिन्यांचा, संगणक-व्यवस्था व सुरक्षा ह्या विषयांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी 'सी-कॅट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सुरतकरांस गांधीनगर जवळ. तेथील न्यायवैद्यक विद्यापीठास 2020 साली राष्ट्रीय दर्जा मिळाला असून सायबर सुरक्षा आणि डिजिटल पुरावा ह्या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण तेथे मिळते. कोणत्याही खासगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी मात्र तीन प्रश्न विचारावेत. प्रात्यक्षिकाचे तास किती? मागील वर्षीचे विद्यार्थी प्रत्यक्ष भेटतील काय? नोकरीचे आश्वासन लेखी देता काय? तिसऱ्या प्रश्नावर विषय बदलला, तर चप्पल घालून घरी यावे.

आणि पहिली नोकरी? तिच्या नावात 'सायबर' हा शब्द असलाच पाहिजे, हा हट्ट सोडावा. आपल्या सचिनच्याच वसाहतीकडे पाहा. कारखाना लहान असला तरी त्याचा हिशेब, मागण्या, कामगारांची हजेरी आता संगणकावर असते. एका सकाळी खंडणीखोराने त्या सगळ्यास टाळे ठोकले, तर माग चालू असूनही माल कोणाचा आणि येणे किती, हे सांगता येणार नाही. माहितीची एक प्रत नित्य काढून ती यंत्रापासून अलग ठेवणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करणे, नोंदी जपणे, ही कामे साधी दिसतात; पण राखणीचा पाया तीच आहेत. 2022 सालच्या एप्रिल महिन्यात 'सर्ट-इन' ह्या सरकारी यंत्रणेने असा आदेश काढला, की ठराविक प्रकारचे सायबर हल्ले ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावेत आणि संगणकीय नोंदी 180 दिवस राखाव्यात. हे करणारा माणूस लहान कारखान्यांत बहुधा नसतो. जेथे पहारा नाही, तेथेच पहारेकऱ्यास काम असते. अशा ठिकाणी काढलेली दोन वर्षे कोणत्याही छापील कागदाहून अधिक बोलतात.

त्या बापलेकांना मी हेच सांगितले. पाटल्या गहाण पडल्या नाहीत. मुलगा आज वसाहतीतील एका कारखान्याच्या कचेरीत संगणकांची देखभाल करतो, पगार बेताचाच आहे, आणि रात्री अभ्यास करतो. पहिल्या परीक्षेचे पैसे तो स्वतःच्या मिळकतीतून साठवीत आहे. मध्यंतरी कचेरीतील एक संगणक रात्री दोन वाजता, सर्व घरी गेलेले असता, परक्या पत्त्याशी बोलत असल्याचे त्याच्या नजरेस आले. त्याने तार काढली, नोंद केली आणि मालकास उठविले.

वडिलांनी विचारले, "तुला कळलं कसं?"

तो म्हणाला, "रोज बघतो ना, दादा. आज वेगळं वाटलं."

वडील काही बोलले नाहीत. मात्र त्या उत्तराची ओळख त्यांना पटली असावी, असे मला वाटते.