चारचौघांसाठी लिहिताना



नव्याने लिहू लागलेली मंडळी आम्हांला विचारतात, 'पहिले लिखाण लोकांपुढे मांडायचे तर पथ्य कोणते पाळावे?' पथ्य सांगण्याआधी आम्ही स्वतः केलेले कुपथ्य सांगितले पाहिजे.

तरुणपणी आम्ही वर्तमानपत्राला पहिले पत्र धाडले. आळीत सांडपाणी साचत होते. त्याचे खापर आम्ही शेजाऱ्यांवर फोडले. नाव घातले नव्हते, पण घर ओळखू यावे इतक्या खुणा घातल्या होत्या. खाली सही, 'एक त्रस्त नागरिक'! पत्र छापून आले तेव्हा आम्ही ते दहा वेळा वाचले. पुढे रस्ता उकरला, तेव्हा फुटका पाइप निघाला तो आमच्याच मोरीचा. शेजारी एक अक्षर बोलले नाहीत.

आता दुसरे उदाहरण पाहा. गोपाळ हरि देशमुख 1848 साली पंचवीस वर्षांचे होते. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात ते 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. 1850 पर्यंत ती 108 झाली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. टोपणनाव त्यांनीही घेतले होते. मग फरक कोणता? त्यांनी कोणा एकाच्या घराकडे बोट दाखविले नाही. ज्या समाजात आपण जन्मलो त्याच्याच रूढींवर, आळसावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले. म्हणजे पहिला फटका आपल्याच माणसांना! भाषा साधी, पत्र आटोपशीर. पुढे 1874 साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर कडक टीका केली. तरीही ती पत्रे आज वाचली जातात.

यातून आम्ही जे शिकलो ते असे. एका वेळी एकच विषय घ्यावा. ऐकीव गोष्ट लिहू नये. जागेवर जाऊन पाहावे. लिहिलेला कागद एक रात्र उशाशी ठेवावा, कारण रागाच्या भरातली पुष्कळ वाक्ये सकाळी आपणांलाच नकोशी होतात. टोपणनाव खुशाल घ्या, पण उद्या खरे नाव उघड झाले तर मान खाली घालावी लागू नये. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्या ओसरीवर बसून तेच वाचून दाखविता येईल का, हे मनाला विचारा. स्तुतीची वाट पाहू नका. टीका आली तर तिच्यात खरे किती ते आधी शोधा. आणि चूक झाली तर जिथे आरोप केला तिथेच, तितक्याच ठळकपणे ती कबूल करा.

हे शेवटचे पथ्य आम्ही पाळले नाही. दुरुस्तीचे पत्र उद्या लिहू, परवा लिहू म्हणता म्हणता शेजारी निवर्तले. त्यांची क्षमा मागणे आता शक्य नाही. निदान या सभेत आमची चूक मोठ्याने सांगता आली, एवढेच. तुमच्यावर अशी वेळ न येवो.