आंबट न होणारी बिअर

बर्लिन शहराची खास बिअर म्हणजे बर्लिनर वाइसे. गव्हाच्या आणि जवाच्या माल्टची, जेमतेम 3 टक्के अल्कोहोलची, फेसाळ आणि चांगलीच आंबट. हा आंबटपणा येतो लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या लॅक्टिक आम्लातून. यांपैकी एका जातीचं नाव, डेलब्रुकी, हे बर्लिनमध्येच मद्यनिर्मितीचं संशोधन करणाऱ्या माक्स डेलब्र्यूक यांच्यावरून पडलं आहे. घरी ही बिअर करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की दोन दिवस झाले, तीन झाले, पण आंबटपणा येत नाही. मग जिवाणूंचं आणखी एक पाकीट आणून ओततात. माझ्या मते हा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केला जातो. जिवाणू कमी नसतात, त्यांचं काम कशाने तरी अडलेलं असतं. थंडगार दुधात विरजण कितीही वाढवलं तरी दही लागत नाही, तसंच हे.

अडवणाऱ्यांत पहिला संशय हॉप्सवर, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांवर, घ्यावा. हॉप्स उकळल्यावर तयार होणारी कडू आम्लं जिवाणूच्या पेशीचं आवरण भेदतात, बाहेरचं आम्ल आत शिरतं आणि ते उपसण्यातच पेशीची शक्ती संपते. कडूपणाच्या मापात जेमतेम 8-10 एकक भरतील एवढे हॉप्सही अनेक जातींना पुरतात. शिवाय आम्लता वाढते तशी हॉप्सची ही मारक शक्तीही वाढते. म्हणून आंबणं सुरू होऊन मध्येच थांबलं, तर आधी हॉप्सचा हिशेब पाहावा. दुसरा संशय यीस्टवर. जिवाणूंबरोबरच यीस्ट टाकलं, तर साखर तेच आधी फस्त करतं. तिसरा तापमानावर: डेलब्रुकीला 40 ते 45 अंश सेल्सियसची ऊब लागते, प्लॅन्टारम या दुसऱ्या जातीला त्याहून कमी चालते. पाकिटावरची जात न वाचता भांडं खोलीतल्या हवेवर सोडणं हे अपयशाचं अगदी साधं कारण आहे.

यावर कुणी म्हणेल, जुन्या बर्लिनमध्ये हॉप्सही होते आणि यीस्ट व जिवाणू एकत्रही होते, मग तिथे कसं जमलं? जमलं, कारण हॉप्स थोडे असत आणि बऱ्याचदा ते माल्ट भिजवतानाच घालत, त्यामुळे त्यांचा कडूपणा फारसा उतरत नसे. एकाच आंबवणाच्या पिढ्यान्‌पिढ्या वापराने जिवाणूही त्या परिस्थितीला सरावलेले असत. त्यात बाटल्या कित्येक महिने मुरत. ती सवड नसेल, दोनतीन दिवसांतच आंबट अर्क (माल्ट भिजवून काढलेलं गोड पाणी) हवा असेल, तर हॉप्स वगळावेत आणि यीस्ट नंतर घालावं.

आंबटपणा पारखायला जीभ असताना पीएच मीटर कशाला, हाही प्रश्न येतो. पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त. उरलेली साखर आंबटपणा झाकते, म्हणून जीभ फसते. साधी बिअरही आंबताना पीएच 4 ते 4.5 पर्यंत उतरतेच; तेव्हा 4.3 हा आकडा पाहून जिवाणू कामाला लागले असं समजू नये. आपल्याला 3.2 ते 3.5 गाठायचं असतं. पीएचचं एक एकक म्हणजे दसपट फरक, म्हणून 4.3 पासून तिथवरचं अंतर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे.

उलटीसारखा किंवा कुजकट वास आला, तर दोष वेगळा: नको ते जिवाणू शिरलेले असतात. ते टाळण्यासाठी अर्क आधी उकळून निववावा, खाण्यायोग्य लॅक्टिक आम्ल घालून पीएच 4.5 पर्यंत आणावा, मगच जिवाणू सोडावेत आणि हवा आत जाऊ देऊ नये. हवा मिळाली तर व्हिनेगरची चव येण्याची भीती असते. हवा तेवढा आंबटपणा आला की अर्क पुन्हा उकळून जिवाणू मारावेत आणि गार झाल्यावर यीस्ट भरपूर व ताजं घालावं. इतक्या आम्लात दुबळं यीस्ट अडून बसतं. एवढं करूनही पीएच हलला नाही, तर वरून लॅक्टिक आम्ल घालून बिअर वाचवता येते. चव मात्र एकसुरी लागते, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवावा.