जटायू हरला काय?

श्रोतेहो, आणि विशेषेकरून गावोगावचे गुरुजी आणि बाई,

आज एका जपानी चित्रकथेविषयी चार शब्द सांगायचे आहेत. गोदाकाठच्या पंचवटीत जपानची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ती आता आपल्या मुलांच्या हाती आली आहे. कोणी ती मोबाइलवर वाचतो, कोणी पुस्तक मागवतो. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची. मुलांना त्याची मुळीच अडचण पडत नाही.

गोष्टीचे नाव ‘किमेत्सु नो याइबा’. इंग्रजीत तिला ‘डीमन स्लेयर’, म्हणजे राक्षस मारणारा, असे म्हणतात. कर्ते कोयोहारु गोतोगे. २०१६ ते २०२० पर्यंत ती जपानच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली आणि तिचे २३ खंड झाले. तान्जिरो हा कोळसा विकणारा पोर. राक्षसाने त्याचे घरदार मारले. बहीण नेझुको वाचली, पण तीच राक्षसीण झाली. तिला पुन्हा माणूस करावे म्हणून तो तलवार धरतो.

या गोष्टीचे मोठे वळण आठव्या खंडात आहे. एका आगगाडीत दोनशे उतारू आहेत. त्यांच्या रक्षणाला तान्जिरोबरोबर रेंगोकु नावाचा थोर वीर आहे. गाडी रुळावरून घसरते, माणसे जखमी होतात, पण मरत कोणी नाही. तोच अकाझा नावाचा महाबलाढ्य राक्षस येतो. तो रेंगोकुला म्हणतो, तूही राक्षस हो, म्हणजे म्हातारपण नाही, मरण नाही. रेंगोकु नाही म्हणतो. बळ हे दुबळ्यांना राखण्यासाठी असते, ही त्याच्या आईची शिकवण. तो झुंजतो आणि पहाटे प्राण सोडतो. सूर्य उगवताना राक्षस रानात पळून जातो. याच कथाभागावरचा चित्रपट २०२० साली निघाला आणि वर्षअखेर त्याने उत्पन्नात जपानमधल्या तोवरच्या सर्व चित्रपटांना मागे टाकले.

हा खंड वाचून पुष्कळ मुले हिरमुसतात. एवढा शूर, एवढा भला, मग तो हरला कसा? यावर आपण वडीलधारी मंडळी चटकन म्हणतो, “अरे, चित्रातला माणूस तो! त्याच्यासाठी काय रडायचे?” मंडळी, हे उत्तर बरे नव्हे. असे म्हटले की पुढचा प्रश्न मूल आपल्याला विचारीतच नाही.

हाच प्रश्न आपल्या पंचवटीच्या कथेतही आहे. वाल्मीकींचे अरण्यकांड आठवा. याच कांडात रामाने जनस्थानात चौदा हजार राक्षस एकट्याने मारले, आणि याच कांडात एका सोनेरी हरणापायी सीता गेली. तिच्या हाकेला धावला कोण? म्हातारा जटायू. राम-लक्ष्मण बाहेर गेले तर सीतेला मी राखीन, असा त्याने आधीच शब्द दिला होता. त्याने रावणाचे धनुष्य मोडले, रथ मोडला. शेवटी पंख तुटून तो पडला. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला आजही लोक सांगतात, तो इथेच पडला.

मग जटायू हरला काय? झुंजीचाच हिशेब मांडला, तर हरला. सीता गेलीच. पण राम येईपर्यंत त्याने जीव धरून ठेवला आणि रावणाने तिला दक्षिणेकडे नेल्याचे सांगितले. पुढचा शोध त्या दोन शब्दांनी सुरू झाला. रेंगोकुचे पाहा. राक्षस निसटला, पण दोनशेही माणसे जगली. म्हणून तान्जिरो पळणाऱ्या राक्षसामागे ओरडतो की पळालास तू, तो हरला नाही!

आणि रडण्याविषयी म्हणाल, तर राम स्वतः रडला. सीता गेल्याच्या दुःखाहून, माझ्यापायी हा पक्षी मेला याचे दुःख मोठे आहे, असे तो लक्ष्मणाला म्हणतो. मग त्याने जटायूला अग्नी दिला आणि गोदावरीवर जाऊन तिलांजली दिली. याच गोदावरीवर, रामकुंडावर, आपणही आपल्या माणसांच्या अस्थी नेतो. रामाने शोक आवरला नाही, आणि शोकात बसूनही राहिला नाही. जटायूने दाखविलेल्या वाटेने तो निघाला.

तेव्हा गुरुजी, वर्गात कोणी अशा पुस्तकामुळे खिन्न दिसला, तर पुस्तक हिसकावू नका. त्यालाच उभे करा आणि गोष्ट मराठीतून साऱ्या वर्गाला सांगायला लावा. सांगून झाली की एवढेच विचारा: त्या वीराने कोणते काम अंगावर घेतले होते, आणि त्यातले किती झाले? मग जटायूची गोष्ट तुम्ही सांगा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरे मुलांनाच देऊ द्या. एखादा म्हणेल, “तरीपण तो जगायला पाहिजे होता.” त्याला चूक म्हणू नका. रामालाही तसेच वाटले होते.