स्कूटरवरून आलेलं गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका कॅसेटविषयी बोलायचं आहे.

१९८७ साल. विक्रोळीच्या टागोर नगरात आमचं घर, आणि चार दारं सोडून गोव्याचं एक कुटुंब. त्या वर्षी ‘जलवा’ चित्रपट आला आणि रेमो फर्नांडिस हे नाव आम्हा पोरांच्या तोंडी बसलं. शेजारचा मोठा मुलगा, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, हसून म्हणाला, “अरे, आधीचा रेमो ऐक!” आणि त्यानं ‘गोअन क्रेझी’ लावली.

गाणी इंग्रजी. निम्मी मला कळली नाहीत. पण त्यात गोवा होता, हे कळलं. पाश्चात्त्य रॉक होतं, आणि त्याच्या आत आपल्या मातीतलं काहीतरी हलत होतं.

मग दादानं सांगितलं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. रेमो मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकला शिकला आणि बार्देशातल्या आपल्या शिवोली गावी परतला. १९८४ मध्ये तिथंच, घरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर त्यानं हा अल्बम केला. चार ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर चार वेगळ्या वाटा. आधी एक वाद्य वाजवायचं, ते ऐकत दुसरं भरायचं, मग आवाज. गीतं त्याची, चाली त्याच्या, वाद्यं त्यानंच वाजवलेली. मुखपृष्ठही त्याचंच. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत तो स्वतः पोहोचवत फिरला.

याआधी गोव्याच्या कितीतरी वादकांना पोटासाठी मुंबई गाठावी लागली होती. हल्दोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट इथं जॅझ वाजवायचा. पुढं अनेक गोवेकर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले, पण पडद्यावर बहुतेकांचं नाव आलं नाही. ख्रिस पेरीनं जॅझची लय कोकणी गाण्यात आणली आणि लॉर्नाच्या आवाजात ती घरोघर गेली. त्याच हवेतला रेमो, पण त्यानं उलटी वाट धरली. तो गावात राहिला आणि मुंबई त्याच्याकडे आली. १९८५ मध्ये श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये त्याचं गाणं आलं, मग ‘जलवा’, आणि २००७ मध्ये पद्मश्री.

आता माझं सांगतो. आम्ही रत्नागिरीकडचे. घरात कोकणी मुसलमानांची बोली, शाळा मराठी. कविता मराठीतच सुचली. पहिली वही घेऊन एका प्रकाशकाकडे गेलो. त्यांनी कविता वाचण्याआधी नाव वाचलं आणि विचारलं, “तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?” परत येताना लोकलमध्ये दारात उभा राहिलो आणि ती वही बाहेर भिरकावून द्यावी असं खरंच वाटलं.

त्या रात्री ती पिवळी स्कूटर आठवली. इंग्रजीत गोवा गाणाऱ्या माणसालाही कुणी विचारलं असेलच ना, ही भाषा तुझी कशी? त्यानं उत्तर देत बसण्याऐवजी कॅसेट केली.

मी पगारातून पाचशे प्रती छापल्या. अब्बा म्हणाले, “कविता विकत घेणार कोण?” खांद्यावर पिशवी अडकवून मी शाळा, वाचनालयं, कविसंमेलनं पालथी घातली. तीनशेच्या आसपास गेल्या. उरलेल्या अजून पोटमाळ्यावर आहेत.

म्हणजे रेमोसारखं यश मला मिळालं नाही, ते कबूल करतो. पण त्या तीनशेतली एक प्रत मध्यंतरी घाटकोपरच्या रद्दीच्या दुकानात सापडली. समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे माझ्या आईचं आहे.’ कविता माझ्या अम्मीवर होती.

प्रत विकत घेतली नाही. होती तिथंच, जरा पुढं ठेवून आलो.