वाचलेल्यांची साक्ष
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आम्ही आपणांपुढे एक परदेशी कथा ठेवणार आहोत. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८ रोजी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ३०० वस्तीचे एक गाव. दरवर्षी २७ जूनला गावकरी चौकात जमतात व एका जुनाट काळ्या पेटीतून चिठ्ठ्या उचलतात. प्रथम कुटुंब ठरते, मग त्या कुटुंबातील माणूस. काळा ठिपका ज्याच्या वाट्यास येईल, त्यास सर्वांनी मिळून दगडांनी ठेचावयाचे, असा तेथील रिवाज! मूळची पेटी केव्हाच हरवली, विधीही लोक बव्हंशी विसरले. दगड तेवढे विसरले नाहीत.

वॉर्नर हा गावातील सर्वांत वृद्ध गृहस्थ. इतर गावे ही प्रथा सोडीत आहेत, हे ऐकून तो त्यांस मूर्खांत काढतो. आपण ७७ वेळा यातून पार पडलो, याचा त्यास अभिमान. परंतु श्रोतेहो, येथेच बुद्धी फसते. प्रथेच्या बाजूने बोलावयास उरतात ते वाचलेलेच. ज्यांची चिठ्ठी निघाली, त्यांची साक्ष कोण घेणार? टेसी हचिन्सन ही बाई हसतखेळत चौकात येते. घरावर चिठ्ठी येताच मात्र तिला अन्याय दिसू लागतो. अन्य गावांची वार्ता काढणारा ॲडम्स तर अखेरीस दगड मारणाऱ्यांच्या अग्रभागी उभा असतो.

माणूस असा का वागतो? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रेघांची लांबी ताडून पाहावयाची, इतके सोपे काम. पण आधीच पढवून ठेवलेली मंडळी एकमुखाने चुकीचे सांगू लागली, की त्या कसोटीच्या वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसते त्याविरुद्ध येत. मात्र खरे बोलणारा एक जरी सोबती लाभला, तरी हे प्रमाण पुष्कळच घटे.

आता आपल्या घराकडे वळू. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तरी देण्याघेण्याच्या बैठकीत वडीलधारे म्हणतात, “आमच्याकडे यापायी कोणाचे वाईट झाले नाही.” ही साक्ष वॉर्नरची आहे! ज्या बापाने शेत विकले, जी मुलगी माहेरी परत आली, त्यांस कोणी विचारले आहे काय? अशा बैठकीत आम्ही स्वतः पानसुपारी घेऊन मुकाट बसलो आहोत. जन्मभर मुलांस खरे बोलावयास शिकविले, आणि तेथे आमचीच जीभ उचलली नाही. ही लाज आज आपणांसमोर कबूल करतो.

म्हणून एवढीच विनंती, की पुढील बैठकीत कोणी ‘नको’ म्हणाला, तर त्यास एकटा पडू देऊ नका. दुसरा आवाज आपला असू द्या. आमचा असेल, हे वचन देऊन आम्ही आपली रजा घेतो.